रिद्धपूरचं विजन

हसू नका हं, पण दाराला बाहेरून कडी लागली तेव्हा मला वाटलं, वाऱ्याने लागली असेल!

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी अमरावतीहून रिद्धपूरला, महानुभावांच्या मठात गेले होते. तिथल्या एका म्हाताऱ्या तपस्विनींना सगळे आई म्हणत. मी त्यांना विचारलं, "विजन म्हणजे काय हो?"

"एकांतात बसून देवाचं स्मरण."

"हो, पण ते नेमकं कसं असतं?"

"हे सांगून नाई समजत पोरी. चाल." आणि त्यांनी मला मागच्या खोलीत नेऊन बसवलं. इंग्रजांच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा कुण्या शेठने बांधून दिलेली खोली. भिंती हातभर जाड, खिडकी नाही. अमरावतीची शेवटची एसटी निघायला थोडाच वेळ होता.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर पाल पडली. मी किंचाळले, "आई, दार उघडा!"

बाहेर बोलणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या.

"कोण ओरडून रायली वं?"

"नवीन पोरगी विजनात बसली. हळू बोल, तिचं स्मरण मोडन."

मी दार बडवलं, तर त्या पाय न वाजवता निघून गेल्या. मी जितकी ओरडे, तितका मठ शांत होई. लांबून एसटीचा हॉर्न ऐकू आला. मी रडकुंडीला येऊन ओरडले, "आई, माझी एसटी!"

अखेर दारापलीकडून आईंचा मायेचा आवाज आला, "गेली वं माय तुयी एसटी. आता कायची घाई? बस निवांत."