डॉक्टरनं घड्याळाकडे पाहिलं

— नाही, नाही, बसा हो, तुमची वेळ चुकलेली नाही. आत आमचंच चालू आहे. म्हणजे आता एकट्या बायकोचं. ते दार आपटलं ना, तो मीच. तुम्ही पहिल्यांदाच? आणि मिसेस? गाडी लावतायत? लावू द्या, शिकागोत जागा मिळेपर्यंत तुमचं भांडण मिटेलसुद्धा.

मी वॉल्टर ग्राबिएट्स. लिफ्टा दुरुस्त करतो, चौतीस वर्षं. लिफ्ट अडकली तर मी तिला विचारतो का — बाई गं, आत काय वाटलं तुला? हा नवराबायकोच्या भांडणांचा डॉक्टर तेच विचारतो. माझ्या बायकोची, आयरीनची आई गेली तेव्हाचं बघा — जानेवारी, घर माणसांनी भरलेलं आणि घर तापवणारा बॉयलर बंद. मी तळघरात तीन तास. आयरीनचं म्हणणं, मला एकटीला टाकून गेला. टाकून? अहो, गारठून मेली असती सगळी! तर हा मलाच म्हणतो, ‘वर आल्यावर कुणी काही म्हणालं का तुम्हाला?’ कोण काय म्हणणार? घर तापलं की लोक कोट काढतात, बस्स. तर म्हणे, तिथंच दुखलं. माणसाला म्हणे कुणीतरी कौतुकानं बघावं लागतं, लहानपणी नाही बघितलं की मोठेपणी नवराबायको एकमेकांकडे तेच मागत बसतात — देत कुणीच नाही. हे शिकायला वीस वर्षं घालवली त्यानं! माझ्या आजीनं पिएरोगी, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्या, लाटता लाटता सांगितलं असतं.

आज काय झालं? काही नाही झालं. रूडीचं सांगत होतो. रूडी माझा जोडीदार — चौदाव्या मजल्यावरनं लिफ्टच्या खड्ड्यात पडला, एकोणीस वर्षं झाली. खाली मी उतरलो. अँब्युलन्स येईपर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर — जाऊ द्या. घरी आलो तर आयरीन म्हणाली, बूट बाहेर काढ. काढले. — माहीत होतं हो तिला, रूडी गेला ते, दफनाला आली होती की! पण खाली मी होतो, हे नाही. ते आज सांगायला लागलो आणि डॉक्टरनं घड्याळाकडे पाहिलं. चोरून! म्हटलं, वा, हेच का तुमचं कौतुकाचं बघणं? आणि उठलो. वाटलं, आता सारवासारव करेल, सगळं माझ्या बापावर ढकलेल. तर म्हणतो, ‘माझं चुकलं, वॉल्टर. तुम्ही तिथं खाली होतात आणि मी तुम्हाला एकटं सोडलं.’ एवढंच. असं म्हणतं का कुणी? चौतीस वर्षांत एक फोरमन म्हणाला नाही. मीही कधी म्हणालो नाही. — कुणाला काय, आयरीनला! त्या जानेवारीत ती वर आईच्या खुर्चीपाशी कोट घालून बसलेली आणि मी... बॉयलर दहा मिनिटांत चालू झाला होता. नुसती एक तार सुटलेली. उरलेला वेळ तिथंच बसलो, बादली पालथी घालून. रडणाऱ्या माणसापाशी काय करायचं असतं, ठाऊक आहे तुम्हाला? मग? मला कोण शिकवणार?

काय गं, आयरीन? — नाही, घरी नाही चाललो. थांब ना. तुला एक सांगायचंय. — इथं नको, आत.

आणि तुम्ही काय ऐकताय हो? ते मासिक वाचा.