निःस्वार्थ म्हणू नका त्यांना

गुरुवारी सकाळी सव्वानऊ वाजता, आपल्या पुणतांब्याच्या घाटावर, माधवरावांच्या दशक्रियेला, त्यांच्या मुलीची जमीन तिला न विचारता लाउडस्पीकरवरून देऊन टाकण्यात आली.

मंडळी, शोकसभेत बोलायला अशी सुरुवात करत नाहीत, हे मला कळतं. आधी म्हणायचं असतं की शब्द सुचत नाहीत. मला सुचताहेत. फार सुचताहेत, हीच अडचण आहे. गुरुवारपासून मी एका जागी धड बसलेली नाही. तुम्ही सगळे आपापली कामं टाकून आलात, तुमचे आभार. आता माझं पूर्ण ऐकून घ्या. आणि तो पंखा जरा कमी करा कुणीतरी. मला ओरडायचं नाही. निदान सुरुवातीला तरी.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी शालिनी. माधवराव माझ्या थोरल्या बहिणीचे, सुधाचे यजमान. मी जन्मभर आरोग्य खात्यात लसीकरणाचं काम केलं आणि निवृत्त झाले. सुधा गेल्यावरही मी रविवारी श्रीरामपूरहून इथे यायची. लोकांना वाटायचं, मेव्हणी काळजीपोटी येते. मी भांडायला यायची. आम्ही दोघं त्यांच्या पेरूच्या नर्सरीत खुर्च्या टाकून बसायचो आणि भांडायचो. विषय कायम एकच. माणसाने स्वतःसाठी जगावं की दुसऱ्यासाठी?

स्टँडवर जो फ्लेक्स लावलाय, तो तुम्ही पाहिलाच असेल. माधवरावांचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत, 'निःस्वार्थ सेवेचा दीपस्तंभ'. मंडळी, निःस्वार्थ? या माणसाला तो शब्द शिवीसारखा लागायचा! तुम्ही त्यांना दारुडा म्हटलं असतं तर ते हसले असते. निःस्वार्थ म्हटलं असतं तर भांडले असते.

कृषी महाविद्यालयात असताना पुण्याच्या फुटपाथवर त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं आणि तिथून त्यांच्या डोक्यात ऑब्जेक्टिव्हिझम शिरला. सोप्या भाषेत सांगते, त्यांनीच मला शंभरदा सांगितलाय. जग आहे तसं आहे, आपल्या इच्छेने किंवा नवसाने ते बदलत नाही. ते ओळखायला माणसाकडे एकच हत्यार आहे, बुद्धी. त्या बुद्धीने आणि स्वतःच्या कष्टाने स्वतःचं आयुष्य उभं करावं. दुसऱ्यासाठी स्वतःचा बळी देऊ नये. आणि, हे महत्त्वाचं, स्वतःसाठी दुसऱ्याचा बळी मागू नये. सरकारने चोर पकडावेत, न्याय करावा, बाकी कशात नाक खुपसू नये.

हे कुठे? आपल्या जिल्ह्यात! जिथे ऊस सहकारी, दूध सहकारी, पतसंस्था सहकारी, तिथे हा गृहस्थ एकटा खुर्ची टाकून म्हणायचा, मी माझ्यासाठी जगतो.

मी कॉन्व्हेंटात शिकलेली. आमच्या शाळेत दरवर्षी सर्वांत निःस्वार्थ मुलीला बिल्ला मिळायचा. मला दोन वर्षं लागोपाठ मिळाला. कसा? दुसऱ्या मुलींची दप्तरं वाहायला मी इतरांच्या आधी धावायची. एकीने दप्तर द्यायला नकार दिला तर मी ते हिसकावून घेतलं आणि तिच्या कोपराला खरचटलं. हे मी माधवरावांना सांगायला नको होतं. पुढे प्रत्येक भांडणात तेच. "मेव्हणीबाई, निःस्वार्थपणासाठी मारामारी करणाऱ्या तुम्ही. तुम्ही मला शिकवणार?"

ते म्हणायचे, स्वार्थ शब्दाची आपण माती केलीय. स्व आणि अर्थ. स्वतःच्या जगण्याचा अर्थ. मी म्हणायची, माधवराव, कोट्या करू नका, आपल्याकडे स्वार्थी कुणाला म्हणतात ते शेंबड्या पोराला कळतं. ते म्हणायचे, म्हणूनच तर शेंबडं राहिलंय.

बरं, ते स्वार्थी होते म्हणजे कसे होते? तुम्ही त्यांच्याकडून कलमं नेलीत. एखादं रोप जगणार नाही अशी शंका आली तर ते तुमच्या हातातून काढून घ्यायचे. खराब माल विकणं ही त्यांच्या लेखी स्वतःची बेअब्रू होती. काष्टीहून एक शेतकरी आले होते. त्यांची जमीन चोपण, म्हणजे खारवट, पाणी न निचरणारी. माधवरावांनी त्यांना कलमं द्यायला साफ नकार दिला. म्हणाले, "तुमच्या रानात पेरू मरेल. मला तुमचे पैसे हवेत, पण फसवून नकोत." ते पाहुणे वैतागले. "लांबून आलोय, आणि ह्यो बाबा इकत न्हाई!" असं म्हणत चहा पिऊन गेले.

आणि एक ठेकेदार पोरगा यायचा. ओळखीवर कामं मिळवायची, रस्ता पहिल्या पावसाळ्यात उखडायचा. मोबाईलवर ते 'आधी स्वतःवर प्रेम करा' छापाचे व्हिडिओ बघून त्याचंही तत्त्वज्ञान झालं होतं. म्हणाला, "काका, मी पण तुमच्यासारखाच. सोतापुरतं बघतो." माधवरावांनी त्याला खुर्चीवरून उठवलं. "तू स्वतःपुरतं नाही बघत. तू दुसऱ्याच्या ताटात बघतोस. ऊठ." आजकाल हे फार आहे, मंडळी. हावरटपणाला तत्त्वज्ञानाचं नाव. त्याची माधवरावांना माझ्यापेक्षा जास्त चीड होती.

पण त्यांचं तत्त्वज्ञान खरं होतं का? नाही. आज ते उत्तर द्यायला नाहीत म्हणून मी बोलणं थांबवणार नाही. तो त्यांचा अपमान होईल.

एका कडक उन्हाळ्यात त्यांनी बोअर खोल नेलं आणि शेजारच्या भीमाबाईंची विहीर आटली. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, माझी जमीन, माझा पैसा, माझं बोअर. मी म्हटलं, माधवराव, पाण्याला सातबारा कळत नाही. खाली सगळं एकच आहे. इथे तुमचं पुस्तक संपतं. मुलांना लस देताना मी हेच पाहिलंय. शेजारच्या पोराला लस मिळाली तरच माझं पोर सुरक्षित. हवा, पाणी, रोग, यांना कुंपण नसतं. एकट्याने जगण्याचा हिशेब इथे लागतच नाही. ते म्हणाले, जे सगळ्यांचं म्हणता, तेच सगळ्यात आधी लुटलं जातं. त्यातही तथ्य होतं. पण विहीर आटली होती ती आटलीच होती.

महिनाभराने त्यांनी भीमाबाईंच्या शेतात पाइप टाकून दिला. मला म्हणाले, "तिची बाग वाळली तर उद्या माझी कलमं कोण घेणार? शुद्ध स्वार्थ." खोटं! भीमाबाई रोज सकाळी त्यांच्या फाटकावरून रिकामी कळशी घेऊन जायच्या आणि मुद्दाम थांबून विचारायच्या, "माधवराव, बरं हाय ना?" त्या प्रश्नाने पाणी दिलं. तत्त्वज्ञानाने नाही. हो ना, भीमाबाई? बघा, मान हलवताहेत.

मग त्यांना अर्धांगवायू झाला. त्यांची मुलगी वैदेही पुण्याची नोकरी सोडून आली. तिने त्यांना भरवलं, अंघोळ घातली, कूस बदलली. मी म्हटलं, आता बोला. हा त्याग नाही तर काय? तोंड वाकडं झालं होतं, शब्द सरळ येत नव्हते, पण हट्ट तोच. म्हणाले, "त्याग नाही. मी तिला हवा आहे, म्हणून ती करते. तिचा स्वार्थ." मी म्हटलं, आणि ज्या बापावर पोरीचं प्रेम नाही, त्याला कुणी धुवायचं? ते म्हणाले, "पैसे देऊन माणूस ठेवावा." मी म्हटलं, आणि पैसे नसले तर?

त्यांनी माझ्या कपाकडे बोट केलं. मग म्हणाले, "चहा निवतोय."

मंडळी, त्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. आजही त्या तत्त्वज्ञानाकडे नाही. जो दुबळा आहे आणि कुणालाच हवासा नाही, त्याचं काय? माझी सगळी नोकरी त्या माणसासाठी होती. तिथे मी जिंकले. पण मला तो रविवार परत परत आठवतो. मला जिंकायचं नव्हतं हो. मला त्यांनी पुढच्या रविवारी काहीतरी खणखणीत उत्तर द्यायला हवं होतं. पुढचा रविवार आलाच नाही.

पाणी आणू नका मला. बसा तिथेच.

आता गुरुवारचं बोलते. माधवरावांचा विधींवर विश्वास नव्हता. वैदेहीने दशक्रिया केली, कारण तिला करायची होती. घाटावर गर्दी. भाषणं सुरू झाली. आपल्याकडे पद्धतच आहे, दहाव्याला माइक, आणि माइकवर देणग्या जाहीर करायच्या. आपले अण्णा उठले. गावातल्या संस्थेचे अध्यक्ष. इथे समोरच बसलेत. अण्णा, नमस्कार. तुम्ही म्हणालात, "माधवरावांच्या निःस्वार्थ जीवनाला शोभेल अशी गोष्ट. त्यांची कन्या रस्त्याकडची वीस गुंठे जागा अभ्यासिकेसाठी देत आहे." आणि वैदेहीकडे पाहिलंत. तिने हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दहाव्याला टाळ्या!

मी तिथल्या तिथे तुम्हाला गाठलं. तुम्ही म्हणालात, "बाई, पोरीनं हात जोडले. आमी व्हय समजलो."

अण्णा, बाप गेलेली मुलगी दहाव्याला दुसरं काय करते? सकाळपासून ती येईल त्याला हात जोडत होती. भटजींना जोडले, न्हाव्याला जोडले, मंडपवाल्याला जोडले. मंडपवाल्याला पण वीस गुंठे दिले का?

हसू नका. हसण्यासारखं नाही ते. त्या वीस गुंठ्यांत पेरूची जुनी झाडं आहेत, ज्यांच्यापासून सगळी कलमं होतात. ती तोडली की नर्सरी संपली. दुसरी झाडं तेवढी व्हायला कितीतरी वर्षं जातील.

माधवरावांची एक सवय होती. कुणीही काही सांगायला आलं की ते विचारायचे, "ते राहू द्या. तुम्हाला काय हवंय?" मला या प्रश्नाचा संताप यायचा. कारण मला उत्तर यायचं नाही. आपल्या घरांत बायकांना हा प्रश्न विचारतात का, मंडळी? भाजी काय करू, हे आपण विचारतो. आपल्याला कोण विचारतं? त्या माणसाचं सगळं पुस्तक बाजूला ठेवा, हा एक प्रश्न मात्र खरा होता.

म्हणून शुक्रवारी मी वैदेहीला विचारलं. तुला काय हवंय? ती म्हणाली, "मावशी, मला नर्सरी चालवायची आहे. बाबांसाठी नाही. मला ते काम आवडतं. पण आता नाही म्हटलं तर गाव म्हणेल, बाप देवमाणूस आणि पोरगी हावरट." मी म्हटलं, बाप देवमाणूस नव्हता. ती दहा दिवसांत पहिल्यांदा हसली. आज हे बोलायची परवानगी तिनेच दिली आहे. न विचारता मी बोलत नाहीये.

अण्णा, अभ्यासिका हवी. पोरं मंदिराच्या पायरीवर बसून अभ्यास करतात, मी पाहिलंय. त्यासाठी मी गावोगाव फिरेन, हात पसरेन, वाट्टेल ते करेन. माझा विश्वास अजून दुसऱ्यासाठी जगण्यावरच आहे, माधवराव हरले आहेत, मी नाही. पण दुसऱ्यासाठी द्यायचं ते आपलं द्यायचं असतं. शेजारणीचं द्यायचं नसतं. मेलेल्या माणसाला निःस्वार्थ ठरवून त्याच्या जिवंत मुलीकडून वसुली करणं, याला सेवा म्हणत नाहीत. आणि हे मला त्या स्वार्थी माणसाच्या बाजूने उभं राहून सांगावं लागतंय, ही वेळ तुम्ही माझ्यावर आणलीत.

माधवराव, तुम्ही ऐकत नाही आहात. मेल्यावर कुणी ऐकत नाही, हे तुमचंच मत. तरीही नमस्कार करते. तुमच्याशी भांडून माझी बुद्धी शाबूत राहिली. तुमचं बरंच चुकलं. तुम्ही प्रामाणिक होतात.

सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहावं, अशी विनंती आहे. पण त्याआधी अण्णा, एक शेवटचं. घाटावरची घोषणा मागे घेतली, असं संस्थेच्या कागदावर, सहीशिक्क्यासह, बुधवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मिळालं पाहिजे. फोन नको, निरोप नको, लेखी. माझ्या नावे पाठवू नका, मी कुणी नाही. वैदेहीच्या नावे पाठवा. पाकिटावर माधवरावांची कन्या असं लिहू नका. जमिनीची मालकीण म्हणून तिचं पूर्ण नाव लिहा. माहीत नसेल तर ती इथे बसली आहे, तिला विचारा.