तीन दिवसांचं बोंडलं

शांताक्का : हळू बोल. भिंतीपलीकडं रुद्रम्मा शेंगा फोडत बसलीय. तिचे कान लई तिखट हायत.

सकिनाबी : हळूच बोलतेय की. म्या म्हणते, नुसतं बोंडलं आणून भागत न्हाय, अक्का. त्यात घालाय शेळीचं दूध पायजे. मध पायजे. घुटीला वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग पायजे. माझ्या सुनेला, हसीनाला, पहाटंपासनं कळा येत्यात. आज बाळंत हुईल ती.

शांताक्का : आता कायबी आणायची न्हाय म्या. बोंडलं आणलं हीच चूक झाली.

सकिनाबी : चूक कशी? पोराला पाजायचं कशानं मग?

शांताक्का : ऐकून तर घे. काल तुळजापुरात धुळाप्पाच्या दुकानात गेले. आधी तांब्या बघितल्यागत केलं, पळी बघितल्यागत केलं, आन् मग बोंडल्याला हात लावला. तर त्यो मेला इचारतोय, अक्का, कोण बाळंत व्हायचंय तुमच्याकडं? म्हणाले, सोयऱ्याची लेक हाय. तर कोण सोयरा, कुठलं गाव, कितवं बाळंतपण, खोदून खोदून इचारत बसला. आन् बाकड्यावर आपल्या तामलवाडीचा एक जण बसलेला. तुमाला हुडकणाऱ्या बलभीमाच्या टोळीतला. मान खाली घालून चिलीम ओढत व्हता, पण कान माझ्याकडंच. गावाला काय ठावं न्हाय व्हय? शांताक्काच्या घरात शांताक्का सोडून चिटपाखरू न्हाय. एकुलता एक लेक व्हता, त्योबी लगीन व्हायच्या आधीच गेला. ह्या घरात बोंडलं लागतंय कुणाला?

सकिनाबी : मग आणायचं नव्हतं.

शांताक्का : आता म्हणतीस. माझ्या जवारीच्या बळदात लपून बसल्यापासनं एकच धोशा लावला व्हतास, बोंडलं आण, बोंडलं आण. सरळ छातीला लाव म्हणाले तर अंगावर आलीस.

सकिनाबी : येणारच. पहिल्या तीन दिवसांचा चीक कुणी पाजतं का पोराला? पोटात गोळा बसतो. साऱ्या गावाच्या बायका म्या सोडवल्या, अक्का. लिंगायत न्हाय बघितला, मराठा न्हाय बघितला. एकीला चीक पाजू दिला न्हाय. पिळून टाकायचा आन् पोराला बोंडलं लावायचं. तुझ्या मल्लिनाथालाबी तसंच केलं.

शांताक्का : व्हय, केलंस. आन् तीनबी दिवस त्यानं टाहो फोडला. येशीतनं येणारा माणूस इचारायचा, कुणाचं लेकरू रडतंय म्हणून. तुझ्या नातवानं तसा टाहो फोडला तर कोण कोण येईल, सांग मला.

सकिनाबी : बोंडलं दिलं की गप हुईल.

शांताक्का : बोंडल्यानं पोर गप बसत न्हाय. तुला माझ्यापरीस जास्ती ठावं हाय.

सकिनाबी : ठावं हाय. पण हयातभर जे बायकांना सांगितलं, ते घरच्या सुनेच्या वेळी मोडू? पोराला काय झालं तर जाफरला काय तोंड दाखवू?

शांताक्का : जाफरचं नाव काढू नगंस माझ्या म्होरं.

सकिनाबी : किती दिवस असं म्हणशील?

शांताक्का : जीव हाय तवर. आमच्या घरात चांदीचं बोंडलं व्हतं, मल्लिनाथाचं. त्याच्या मुलाला लागंल म्हणून जपून ठेवलं व्हतं. रझाकारांनी ट्रंक फोडली, बोंडलं नेलं. आन् जाता जाता मल्लिनाथाला ह्याच उंबऱ्यावर पाडलं. पोटात भाला घालून फिरवला. माझं पोर आतडी हातात धरून मला हाका मारत व्हतं, सकिना. आन् तुझा जाफर रझाकारांची खाकी घालून त्या लिंबाखाली उभा.

सकिनाबी : त्यानं हात उगारला न्हाय.

शांताक्का : न्हाय उगारला. म्या बघितलंय. पण आडवाबी आला न्हाय. एका विहिरीत पोहाय शिकलेली पोरं ही. एक शब्द तरी बोलायचा.

सकिनाबी : मग आमाला कशाला आत घेतलंस? सोलापुराकडनं पलटण आली, रझाकार पळाले, आन् आमची वस्ती पेटली, तवा तुझं दार वाजवलं म्या. लावून घ्यायचं व्हतंस. तुला कुणी नावं ठेवली नसती.

शांताक्का : मल्लिनाथाचं अंग कुणी धुतलं? माझी भावकी रानात पळाली व्हती. तू आलीस. जन्मला तवा तूच न्हाऊ घातलंस, मेला तवाबी तूच रगत धुतलंस. म्हणून घेतलं आत. राग गेला म्हणून न्हाय. राग हाय तिथंच हाय.

सकिनाबी : असू दे. मला एवढंच सांग, तुळजापुरात जाफरचं काय कानावर आलं का?

शांताक्का : न्हाय.

सकिनाबी : कायच न्हाय?

शांताक्का : सोलापुराकडं गेला म्हणत्यात.

सकिनाबी : तसंच असंल. आला की पोराच्या कानात अजान त्योच देईल. बापानंच द्यावी.

शांताक्का : गप. फाटकाशी कोण हाय बघ. बलभीम हाय. जा, बळदात शीर. म्या तोंडावर पोती ओढते.

सकिनाबी : हसीनाला जोराच्या कळा येत्यात. आवाज निघाला तर?

शांताक्का : तिच्या तोंडात कायतरी घाल. जा.

बलभीम : अक्का. हायसा का घरात?

शांताक्का : ये. कुऱ्हाड बाहीर ठेव.

बलभीम : राहू द्या हातात. लई येळ बसणार न्हाय. बोंडलं कुणासाठी आणलंसा?

शांताक्का : पाणी पिणार का?

बलभीम : पाणी नगं. सकिना दाई आन् तिची सून गावातनं गडप झाल्यात. सून दिवस भरलेली. मशिदीमागची घरं जाळली, कडब्याच्या गंज्या उपसल्या, पेवं बघितली. एक तुमचं घर तेवढं सोडलं, मल्लिनाथाची आई म्हणून. आन् तुमी तुळजापुरातनं बोंडलं आणता. पोरं चावडीवर थांबलीत. म्या म्हणालो, आधी एकटा जाऊन इचारतो. तर सांगा.

शांताक्का : मल्लिनाथासाठी आणलंय.

बलभीम : अक्का, मेलेल्या माणसाला बोंडलं?

शांताक्का : माती द्यायला खड्डा कुणी खांदला? तूच खांदलास. तिसऱ्या दिवशी दूध-तूप घालायचं असतं आमच्यात. त्या दिवशी पुन्हा रझाकार आले, आपण सगळी रानात पळालो. कुणी घातलं दूध? कुणी घातलं तूप? माझं लेकरू उपाशी निजलंय तिथं. रोज येतंय सपनात. मोठ्या माणसागत येत न्हाय, तान्हं होऊन येतंय. त्याचं बोंडलं चोरांनी नेलं म्हणून नवं आणलं. धुळाप्पाला खोटं सांगितलं, म्हातारीला येड लागलं म्हणाला असता.

बलभीम : खरं सांगताय?

शांताक्का : चुलीपाशी दुधाचा गडू हाय. फळीवर ठेवलेली तुपाची वाटी हाय. जाणारच व्हते.

बलभीम : मग चला. आत्ता, माझ्या म्होरं घाला.

शांताक्का : चल.

बलभीम : थांबा. एक सांगायचं व्हतं तुमाला. मल्लिनाथाचा सूड घेतला म्या. जाफरला धरलं.

शांताक्का : हळू बोल.

बलभीम : कशाला हळू? साऱ्या गावाला ठावं हाय. त्याच विहिरीत टाकला, जिथं आमी तिघं पोहाय शिकलो. पोहणारा गडी, बुडंना. पायरीला धरून वर यायचा, म्या हातावर कुऱ्हाडीच्या मागचा तुंबा घालायचा. बोटं फुटली तरी धरायचा. पाणी लाल झालं. शेवटाला डोक्यात घातला तवा खाली गेला.

शांताक्का : म्या काय इचारलं नव्हतं, बलभीम.

बलभीम : तुमचं नाव घेत व्हता त्यो. म्हणत व्हता, शांताक्काला इचारा, म्या मल्लिनाथाला हात लावला न्हाय. पुन्हा पुन्हा तेच. माझ्या कानातनं जात न्हाय ते. खरं व्हतं का, अक्का?

शांताक्का : खरं व्हतं.

बलभीम : मग सांगितलं का न्हाय?

शांताक्का : मला इचाराय आलास व्हय तू? जाफर म्हणत व्हता अक्काला इचारा. हाकेच्या अंतरावर माझं घर. आलास?

बलभीम : आत काय वाजलं?

शांताक्का : कुठं?

बलभीम : बळदात.

शांताक्का : उंदरं. निजाम सरकारनं लेव्हीत सगळी जवारी नेली, आता रिकाम्या बळदात उंदरंच राहत्यात. बघायचं तर बघ, पोती ओढ. न्हायतर हे बोंडलं धर, माझे हात कापत्यात. दूध सांडंल.

बलभीम : द्या हिकडं.

शांताक्का : कुऱ्हाड?

बलभीम : ऱ्हाऊ द्या हितंच. चला.

(दुपार कललेली. शांताक्का एकटीच परत येते, दाराला कडी लावते आणि बळदाच्या तोंडावरची पोती बाजूला ओढते.)

शांताक्का : सकिना. म्या हाय. गेला त्यो.

सकिनाबी : कुऱ्हाड?

शांताक्का : दारापाशीच पडलीय. न्यायला आला न्हाय. हसीना कशी हाय? आवाज का न्हाय कुणाचा? सकिना, पोर गेलं का?

सकिनाबी : जित्ती हाय. पोरगी झाली.

शांताक्का : मग रडली कशी न्हाय? म्या येशीपासनं कान देऊन आले. रुद्रम्मा दारातच बसलीय, म्हटलं आता ऐकू येईल, मग ऐकू येईल.

सकिनाबी : एकदाच रडली, बारीक. रडाय लागली तशी छातीला लावली.

शांताक्का : चिकावर?

सकिनाबी : चिकावरच. बोंडलं तू घेऊन गेलीस. पोरीनं टाहो फोडाय तोंड उघडलं, आन् बाहीर चावडीवरची पोरं चुलीपातूर येऊन तुला हाका मारत व्हती. मला काय सुचंना. सगळ्या बायकांना नगं नगं म्हणत आले, आन् माझ्याच हातानं नातीचं तोंड भरलं. घटाघटा ओढाय लागली, आन् ती पोरं वळून गेली. अजून सोडलं न्हाय.

शांताक्का : पोटात गोळा बसला तर?

सकिनाबी : ठावं न्हाय. आज तरी जित्ती हाय. बोंडलं कुठाय?

शांताक्का : मातीत. बलभीमानं स्वतःच्या हातानं मल्लिनाथाला दूध पाजलं, तूप घातलं. मग तिथंच बसून ढसाढसा रडला. मल्लिनाथासाठी रडला का जाफरसाठी, मला कळलं न्हाय, म्या इचारलंबी न्हाय. बोंडलं मातीत दाबून टाकलं. म्हणाला, तुमच्या घराकडं आता कुणी फिरकणार न्हाय, अक्का, म्या सांगतो पोरांना. पण म्या म्हणते, उद्या उजाडायच्या आत सोलापुराकडं बैलगाडी जुंपू आपण. कडब्याखाली घालून नेते तुमाला. हात दाखव तुझा. हे काय झालं?

सकिनाबी : हसीनानं चावलं. तिच्या तोंडात म्याच दिला व्हता. तिथं चिंधी बी नव्हती.

शांताक्का : हाड दिसतंय गं. हळद लावते थांब.

सकिनाबी : लाव सावकाश.

शांताक्का : सकिना. बलभीम बोलला ते...

सकिनाबी : ऐकलं.

शांताक्का : मला कालच तुळजापुरात कळलं व्हतं. तुला सांगितलं असतं तर तुझे हात चालले नसते. आज बाळंतपण करायचं व्हतं तुला.

सकिनाबी : बोलताना माझ्याकडं बघत नव्हतीस तू. तवाच कळलं. म्हणून म्या आणखी इचारलं न्हाय.

शांताक्का : म्या त्याला लई शिव्या दिल्या. लिंबाखाली उभा राहिला म्हणून रोज दिल्या. आन् त्यो मरताना माझ्या नावानं हाका मारत व्हता.

सकिनाबी : तू खरं सांगितलंस बलभीमाला. ते बी ऐकलं म्या.

शांताक्का : हसीनानं ऐकलं?

सकिनाबी : न्हाय. जाफरचं नाव निघालं तसं तिचं डोकं मांडीत दाबलं. एक कान मांडीवर, दुसऱ्यावर माझा हात. आणखी हात असता तर माझ्या कानावर ठेवला असता.

शांताक्का : मग तिला कवा सांगायचं?

सकिनाबी : आज न्हाय. दूध उतरायचंय अजून. ऐकलं तर आटंल.

हसीनाबी : अम्मा.

सकिनाबी : काय, बेटी?

हसीनाबी : अजान द्यायची राहिली हिच्या कानात. त्ये कवा येणार?

सकिनाबी : येईल. तवर तू पाज.