नायट्रोजनच्या खोलीच्या दारात

मी खाली सही करणार, वय ५४ वर्षे, धंदा स्वतंत्र सल्लागार अभियंता, राहणार पाण्याच्या जुन्या टाकीसमोरील इमारत, तिसरा मजला, ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी, माझी पत्नी व माझी आई असे राहतो. खाण्याचे पदार्थ पाकिटात भरणाऱ्या कारखान्यांना पॅकिंगची लाइन कशी बसवावी याचा सल्ला देण्याचे काम मी करतो. कोणते मशीन घ्यावे, ते कुठे उभे करावे, माल कुठून आत यावा, माणसांना वावरायला किती जागा ठेवावी, हे सर्व जागा पाहून आराखड्यावर काढून देतो. मी मशीन विकत नाही व मशीन विकणाऱ्यांशी माझा काही संबंध नाही. म्हणून मला स्वतंत्र म्हणतात. माझा सल्ला ऐकलाच पाहिजे असे कोणावर बंधन नसते. दिल्यानंतर तो मालकाचा होतो.

ज्या कारखान्यात घटना घडली तो माझ्या धाकट्या बहिणीचा व मेहुण्यांचा आहे. तेथे बटाट्याचे वेफर्स व खारे दाणे तयार करून पाकिटात भरतात. ऑफिस व खरेदी मेहुणे पाहतात. पॅकिंगचा हॉल बहीण पाहत होती. तिला घरात सगळे छोटी म्हणतात. कारखान्यात बाया तिला बाई म्हणत.

नवीन लाइन टाकायची ठरली तेव्हा बहिणीने मला बोलावले. ती म्हणाली, "दादा, सगळ्या जगाला सल्ला देतोस, आम्हालाही दे की." मी म्हणालो, "पिकतं तिथे विकत नाही, छोटे. घरच्यांचं कोणी ऐकत नाही." त्यावर ती मेहुण्यांकडे बघून म्हणाली, "मी ऐकीन. यांचं मी सांगू शकत नाही." तिघेही हसलो होतो.

पाकिटात नायट्रोजन का भरतात असे विचारल्यावरून सांगतो की, तेलकट पदार्थ साध्या हवेत खवट होतो, म्हणून पाकीट बंद करण्याआधी त्यातली हवा घालवून नायट्रोजन सोडतात. पाकीट फुगलेले राहते व आत चुरा होत नाही. नायट्रोजन विषारी नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेतही बराचसा तोच असतो. त्याला वास नाही, रंग नाही, ठसका लागत नाही. मात्र बंद खोलीत तोच भरला तर प्राणवायू उरत नाही. माणसाला गुदमरल्यासारखेसुद्धा वाटत नाही. दोन-चार श्वासांत उभ्याचा आडवा होतो. आत शिरताना काही कळत नाही आणि कळले तोवर पाय चालत नाहीत.

हा गॅस तयार करणारे यंत्र व त्याची टाकी मी आराखड्यात मागच्या अंगणात, वर पत्रा व चारही बाजू मोकळ्या अशा शेडमध्ये दाखवली होती. तिथे गळती झाली तरी गॅस वाऱ्यावर निघून जातो. टाकी बसायच्या आधी एकदा बहिणीला मी अंगणात उभे करून समजावले होते, की इथे कधी सूं असा आवाज आला तर घाबरायचे नाही, आधी टाकीचा मोठा वाल्व बंद करायचा, मग फिटरला बोलवायचे. तिने खडूने जमिनीवर टाकीची जागा काढली आणि हवेत हात फिरवून वाल्व बंद करून दाखवला होता.

नंतर मेहुण्यांच्या लक्षात आले की तिथे शेड झाली तर बटाट्याचा ट्रक अंगणात वळत नाही. ही अडचण खरी होती, हे मी आजही सांगतो. हॉलला लागून एक जुनी थंड खोली होती. जाड भिंती, खिडकी नाही, दाराला चारी बाजूंनी रबर. ती रिकामी पडली होती. टाकी तिथे बसवली व गॅस तयार करणारे यंत्र खोलीच्या बाहेर ठेवले. मला बसवल्यावर दिसले. मी मेहुण्यांना म्हणालो, "इथे नको. हा डबा आहे, खोली नाही." ते म्हणाले, "दादा, तुमचं बरोबरच असतं. पण ट्रक काय डोक्यावर घेऊन वळवू?" मग मी म्हणालो, निदान हवा खेचणारा पंखा बसवा, भिंतीला भोक पाडा, आणि प्राणवायू कमी झाला की वाजणारी घंटा लावा. ते म्हणाले, "लावू. आधी लाइन तर चालू होऊ दे. दुसऱ्या टप्प्यात सगळं करू." पंखा त्यांनी खरोखर मागवला होता. तो खोक्यात आहे. पंचनाम्याच्या वेळी पोलिसांनी पाहिला आहे.

नंतर मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा पंख्याची आठवण केली. मेहुणे दर वेळी "हो दादा" म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत. कळत होते, वळत नव्हते, एवढेच. माझ्या हातात मशीन बंद करण्याचा अधिकार नव्हता.

घटनेच्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला. "दादा, पाकिटं पिचकी येतायत. फुगतच नाहीत. येऊन बघतोस का?" जेवणाच्या सुट्टीनंतर मी कारखान्यात पोहोचलो. मेहुणे ऑफिसात होते. हॉलमध्ये लाइन चालू होती व पाच-सहा बाया पाकिटे खोक्यात भरत होत्या. मी दोन पाकिटे घेऊन कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये पाण्याखाली दाबून पाहिली. बुडबुडे आले नाहीत, म्हणजे पाकिटाचे सील ठीक होते. बहीण शेजारी उभी होती. मी म्हणालो, "पाकीट गळत नाही. गॅसच कमी येतोय."

ती म्हणाली, "फिटरही तेच म्हणाला. गेलाय तो मागे, सांधा आवळायला."

मी विचारले, "मागे म्हणजे कुठे?"

"गॅसच्या खोलीत. बराच वेळ झाला रे."

"दार उघडं ठेवलंय ना त्याने?"

ती म्हणाली, "बघते," आणि निघाली.

मी तिला मागून ओरडून म्हणालो की आत जाऊ नकोस. मशीनचा आवाज मोठा होता. तिने ऐकले किंवा कसे, हे मी सांगू शकत नाही. तिने मागे वळून पाहिले नाही. मी हात पुसले नाहीत, तसाच मागे गेलो. मध्ये खोक्यांची रास होती, तिला वळसा घालून जावे लागले.

खोलीचे दार अर्धे मिटलेले होते. मी ते पूर्ण उघडले व मिटू नये म्हणून क्रेट अडकवला. फिटर उंबऱ्यापासून हातभर आत पालथा पडला होता. बहीण त्याच्याही पलीकडे, टाकीच्या पायाशी होती. ती फिटरला ओलांडून पुढे गेली होती. ती वाल्वकडे गेली, असे माझे म्हणणे आहे. टाकी अंगणात असती तर तिने केले ते अगदी बरोबर होते.

मी ओरडून लाइन बंद करायला सांगितली. एका बाईने लाल बटण दाबले व दुसरीने बाहेरचे यंत्र बंद केले. पण टाकीत होता तो गॅस येतच होता, आवाज ऐकू येत होता. अग्निशमन दलाला फोन करा, हवेचे मुखवटे घेऊन या म्हणावे, असे मी सांगितले. फोन पॅकिंगमधल्या एका बाईने केला.

तेवढ्यात मेहुणे धावत आले. त्यांनी दारातून पाहिले व सरळ आत निघाले. मी त्यांना कमरेला दोन्ही हातांनी मिठी घालून धरले.

ते म्हणाले, "सोडा दादा! ती समोर दिसतेय!"

मी म्हणालो, "आत हवा नाही. तिच्या शेजारी पडाल."

"दम रोखून जातो! चार पावलं आहेत!"

"जाताना दम टिकेल. वाकून उचलताना टिकत नाही."

"तुमची बहीण आहे ती! काय माणूस आहात तुम्ही!"

मी मिठी आणखी घट्ट केली. ते माझ्यापेक्षा वयाने लहान व अंगाने जड आहेत. त्यांनी माझ्या मनगटाला चावा घेतला, ती जखम मी ठाण्यात दाखवली आहे. मी बायांना म्हणालो, यांना धरा. दोघी पुढे आल्या. एक रडत होती व "साहेब, नका ना" म्हणत होती. आम्ही तिघे मिळून त्यांना दारापासून मागे रेटत होतो.

मी स्वतः आत का गेलो नाही असे विचारल्यावरून सांगतो की, काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात असाच प्रकार झाल्यानंतर मला पाहणीला बोलावले होते. आधी पडलेला माणूस एक होता. त्याला काढायला गेलेले दोघे. तिघेही गेले. हे मला माहीत होते. माहीत नसते तर मी गेलो असतो.

बायांनी हॉलमधला उभा पंखा आणून दारात लावला. शटर ओढायची लोखंडी आकडी आणली. मेहुण्यांना बायांच्या हवाली करून मी उंबऱ्याबाहेर आडवा झालो व आकडी फिटरच्या पट्ट्यात अडकवून त्याला ओढले. तो बाहेर आला. त्याच्या छातीवर दाब देण्याचे काम ऑफिसातल्या कारकुनाने केले. फिटर श्वास घेऊ लागला.

मग आकडी बहिणीकडे टाकली. ती पोहोचली नाही. झाडूच्या दांड्याला बांधून लांब केली. तिच्या एप्रनच्या नाडीत अडकली. मी हळूहळू ओढले. नाडी सुटून आली. पुन्हा टाकली, ती नुसती फरशीवर घासत राहिली. मेहुणे मागून सांगत होते, "डावीकडे, दादा. अजून डावीकडे." त्या वेळी ते शांत झाले होते.

त्यानंतर अग्निशमन दलाचे जवान आले व मुखवटे लावून आत गेले. त्यांनी वाल्व बंद केला व बहिणीला बाहेर आणले. त्यांना आत-बाहेर करायला फार वेळ लागला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून ती गेल्याचे सांगितले. फिटर वॉर्डात आहे. त्याला काही आठवत नाही. बाई का आल्या नाहीत बघायला, असे त्याने मला विचारले. आईला छोटी दवाखान्यात आहे इतकेच सांगितले आहे.

मेहुण्यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे, की मी त्यांना अडवले नसते तर त्यांनी पत्नीला वाचवले असते. ती मला दाखवण्यात आली. मी त्यांना अडवले हे खरे आहे. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार आहे काय असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. पंख्याचे, भिंतीच्या भोकाचे व घंटेचे मी वर सांगितले आहे, ते त्यांनीही नाकारलेले नाही. त्यांची तक्रार त्यांना मागे घ्यायला कोणी सांगू नये. त्यांना कोणावर तरी राग धरायला हवा, आणि मी समोर आहे.

हा जबाब अंमलदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी एक दुरुस्ती सुचवली. दार उघडल्यावर "मयत त्याच्याही पलीकडे, टाकीच्या पायाशी होती" असे लिहिले होते. त्या वेळी ती मयत नव्हती. फरशीवर तिच्या उजव्या हाताची बोटे हलत होती. मेहुण्यांना धरले असताना मी मान वळवून पाहिले, तेव्हाही हलत होती. माझी पाठ मध्ये असल्याने ती त्यांना दिसली नाहीत, व मी त्यांना सांगितले नाही. त्याप्रमाणे "मयत" हा शब्द खोडून तेथे "बहीण" असे लिहिले आहे व खाडाखोडीजवळ मी सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.

समक्ष
सही