कोरडं शोव्हल

मिल्टनला जाणाऱ्या ट्रेनने जाई लॅबमधून मिसिसागाला घरी चालली होती. मागच्या सीटवर एक नवरा-बायको खुशाल मराठीत बोलत होते. इथे कुणाला कळतंय, असाच त्यांचा समज असावा.

"काल तू झोपल्यावर मी तो जुना हॉलिवूडचा सिनेमा संपवला, उन्मेष. आडरानातल्या हॉटेलातल्या खुनाचा."

"मग? खुनी कोण निघाला?"

"तोच, जो सारखा म्हणत होता, मी रात्रभर बाहेर बर्फात अडकलो होतो."

"पकडला कसा?"

"बूट कोरडे ठणठणीत होते त्याचे."

"हॅ! एवढं तर मीही ओळखलं असतं."

"तुझं बर्फ उपसायचं शोव्हलही डिकीत कोरडंच आहे. नवंकोरं. लेबलसुद्धा निघालेलं नाही."

"अगं सुनेत्रा, मी उतरलो होतो त्या किचनरमधल्या हॉटेलचं पार्किंग बेसमेंटमध्ये होतं. गाडीवर बर्फच नव्हता."

"हो का? मग शनिवारी सकाळी फोनवर, 'तासभर शोव्हल करतोय, यायला उशीर होईल,' असं कोण म्हणालं?"

मिसिसागा आलं. दारं उघडली आणि मिटली. जाई जागची हलली नाही.

"हळू बोल गं. पुढे कुणी मराठी असलं तर?"

"असलं तर बरंच झालं. मला एक साक्षीदार हवाच आहे."