माझ्या दारात जरा खोल खणा

...आणि वर मलाच सांगते, "आजी, जपून, पाय पडेल!" माझ्याच दारात, माझ्याच उंबऱ्यापुढे, पाय कुठे ठेवायचा ते आता ही चष्मेवाली सांगणार! अहो, तुम्हाला सांगते, उभा जन्म गेला पाणी वाहण्यात, मान खांद्यात रुतली, तेव्हा कुठे गावात पाइपलाइन आली. चर खणत खणत जावेच्या दारापर्यंत पोचले, तिच्याकडे नळ बसलासुद्धा. पुढचं, शेवटचं घर माझं. आता गप्प बसावं की नाही मी? छे! मुकादमासमोर कमरेवर हात ठेवून उभी. "हा काय चर म्हणायचा? कोंबडी याहून खोल उकरते! वरून ट्रॅक्टर गेला की फुटला पाइप. माझ्या दारात जरा खोल खणा!" तो म्हणाला, "मावशी, सगळीकडे गुडघ्याएवढंच आहे." मी म्हटलं, "सगळे खुळे असतील, मी नाही." खणलं बिचाऱ्यानं, कमरेएवढं. आणि खालून निघालं काय? खापरं! फुटक्या मडक्याचे तुकडे! मी म्हटलं, फेक तिकडे. पण त्यानं केला फोन, आले पुरातत्त्व खात्याचे साहेब, आली ही चष्मेवाली, ठोकल्या खुंट्या, ताणल्या दोऱ्या... काम बंद! आणि पाणी? पाणी जावेकडे!

आता ही बाई रोज चरात बसून ब्रशनं माती झाडते. ब्रशनं! तोही दाताचा! मी म्हटलं, "अगं, कुदळ घे, संध्याकाळपर्यंत मोकळी होशील." तर म्हणते कशी, "घाई केली तर इतिहास मोडतो, आजी." इतिहास मोडतो! आणि माझी कंबर? वाटाण्याएवढा एक मणी सापडला, तर त्याचे इतके फोटो, इतके फोटो... माझ्या लग्नात माझा एक निघाला नव्हता! आणि पाणी? पाणी जावेकडे! हंडा घेऊन गेलं की तोटीवर हात ठेवून विचारते, "सोडू का, जाऊबाई? की आज तुमच्या राजवाड्यातून आलंय?" इतकं गोड विचारते, की ते पाणी घशाखाली उतरत नाही.

काल तर चष्मेवाली किंचाळलीच. मला वाटलं, विंचू चावला! धावले. बघते तर भाजलेल्या मातीच्या नळ्या, एकीत एक बसवलेल्या, सरळ माझ्या उंबऱ्याकडे आलेल्या. "आजी, केवढं भाग्य तुमचं! शेकडो वर्षांपूर्वी इथे घरात पाणी येत होतं!" आणि आता? आता पाणी जावेकडे! साहेब म्हणाले, आता पत्र्याचं कुंपण घालावं लागेल, वर्षभर तरी इथे कुदळ लावायची नाही. "मग माझा पाइप दुसरीकडून वळवा की!" "कुठून वळवणार, आजी? घराभोवती सगळीकडे हाच जुना पाइप गेला असणार."

आणि एवढं ऐकवून चष्मेवाली मलाच म्हणते, "थोडं पाणी द्याल का? या नळ्या धुवायच्या आहेत."

काय करता? उचलला हंडा, गेले जावेकडे. "पुन्हा? आता कशाला?" म्हटलं, "माझा पाइप धुवायला."

तुम्हाला सांगते, त्या बाईनं जन्मात पहिल्यांदा एक अक्षर न बोलता नळ सोडला.