चार पात्रांचं नाटक आणि एक नॉर्मल माणूस

...नाही नाही नाही, उठू नका! अहो ताई, बसा, पावभाजीला वेळ आहे, तवा नुसता तापलाय, भाजी व्हायचीय, मी स्वतः झाकण उघडून बघून आलोय... बसा. पडदा का उघडत नाही, हेच विचारायचंय ना? सांगतो. उघडून दाखवू काय? मागे कोणी नाहीये! चार पात्रांचं नाटक, तीन पात्रं आलेलीच नाहीत, आणि चौथं पात्र पडद्याच्या पुढे येऊन तुमच्याशी बोलतंय. ते म्हणजे मी, मधुकर शेट्ये, बी विंग, सहावा मजला, लेखक, दिग्दर्शक, आणि या घडीला अख्ख्या करंजाड्यातला सगळ्यात निरोगी माणूस!

रागावलोय का? छे हो! दुपारपर्यंत होतो. आता नुसता थक्क आहे. तुम्हाला सांगतो, माणसाच्या प्रत्येक खोडीला जगात कुठेतरी कुठल्यातरी डॉक्टरने नाव देऊन ठेवलंय. इंग्रजीत! आणि ते नाव आपल्या या पार्किंगपर्यंत पोचलंय! अहो, जिथे नळाला पाणी पोचत नाही, टँकर मागवावा लागतो, तिथे नाव पोचलं! आमच्या लहानपणी चिपळुणात तीनच निदानं होती. आळशी, लबाड आणि कार्टं. तिन्हींवर औषध एकच, तेही वडिलांच्या हातात असायचं. आणि आता? आता तुम्ही काहीही करा, काहीही करू नका... त्याला नाव आहे!

आता आपला अभिराम घ्या. डी विंगचा. माघी गणपतीत यंदा नाटक करायचं ठरलं, आयुष्यात मी लिहिलेलं एकुलतं एक नाटक, 'सासरेबुवा पार्किंगमध्ये', बँकेत नोकरीला असताना लिहिलं, रिटायर होईपर्यंत कपाटात पडून होतं, तर म्हटलं जावयाचं काम अभिरामला. देखणा, आवाज खणखणीत, फक्त तालमीला आठला बोलावलं की हा जेवणवेळ उलटल्यावर येणार, आणि येताना हातात कॉफी. एकट्यासाठी! मी म्हटलं, अभिराम, बाबा रे, घड्याळ बिड्याळ आहे की नाही? तर म्हणतो, "काका, मला टाइम ब्लाइंडनेस आहे." म्हणजे काय रे? "म्हणजे मला वेळ दिसत नाही." अरे, समोर भिंतीवर घड्याळ लावलंय! तर शांतपणे कॉफीचा घोट घेऊन म्हणतो, "घड्याळ दिसतं काका. वेळ दिसत नाही."

काय वाक्य आहे! हिमालयात बारा वर्षं बसलेल्या माणसाच्या तोंडी शोभेल असं वाक्य, आणि हा डी विंगमध्ये राहतो! मी म्हटलं, कुठे तपासलंस? म्हणतो, "तपासलं नाही, रील बघितलं. त्यात सात लक्षणं होती, माझी नऊ निघाली." बघा! आजारातसुद्धा पैकीच्या पैकी नाही, वर बोनस! पण मीही बँकेतला माणूस, सोडतो होय? म्हटलं, मग महापेची कंपनीची बस बरी सापडते रोज? एकदाही चुकली नाही ती? आणि तुम्हाला सांगतो, या प्रश्नालाही उत्तर होतं. "काका, ती बस सोडून जाते. तुम्ही थांबता ना."

मी हात जोडले. आता मघाशी फोन केला, कुठे आहेस? "निघालोच काका, लिफ्टपाशी आहे." अहो, डी विंगची लिफ्ट इथून दिसते! ती बघा! सगळे बघा मागे वळून! आहे का कोणी लिफ्टपाशी? एक मांजर आहे. पण खोटं बोलतो म्हणायचं नाही हां, अजिबात नाही... त्याला नाव आहे!

बरं, तो गेला तर गेला, पण सासरेबुवा तरी? सासरेबुवा आपले कासिमभाई, एफ विंग, मूळचे उरणकडचे. कंटेनर यार्डात सुपरवायझर. हे स्टेज आहे ना, ज्याच्यावर मी उभा आहे, या सगळ्या लाकडी फळ्या त्यांनीच आणून दिल्या, टेम्पोचं भाडंसुद्धा घेतलं नाही, देवमाणूस. पहाडी आवाज! यार्डात एका टोकाला ओरडले की दुसऱ्या टोकाचा ट्रेलर रिव्हर्स घेतो. असा सासरा शोधून मिळायचा नाही. आणि आज सकाळी फोन. आवाज एवढासा. "मधुभाऊ, मना नाय जमनार. मना सोशल अँग्झायटी हाय." म्हटलं, कासिमभाई, कोण म्हणालं? "आमची नबीला बोलली." नबीला म्हणजे त्यांची मुलगी, पनवेलला कॉलेजात सायकॉलॉजी शिकते, पहिलं वर्ष अजून संपायचंय, पण घरातल्या सगळ्यांना एकेक वाटून झालंय, आता मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं चाललंय. मी म्हटलं, अहो, दिवसभर पन्नास ड्रायव्हरांवर ओरडता तुम्ही! तर म्हणतात, "ते माज्याकडं बगत नाय ना, भाऊ! ते पुडं बगून गारी चालवतात. बगनारा मानूस समोर बसला का छाती धडधडते." आता यात चूक काढून दाखवा! स्टेज आलं, सासरा आला नाही. त्याला नाव आहे!

खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटायला लागला हो. सगळ्यांना काही ना काही आहे, मलाच काही नाही? गेल्या महिन्यात क्लबहाउसमध्ये तपासणी शिबिर झालं, आपल्या ए विंगच्या डॉक्टर रंजिता मॅडमनी केलं, त्या बघा पहिल्या रांगेत बसल्यात, नमस्कार मॅडम... पहिला नंबर माझा! उपाशीपोटी रक्त दिलं, मनोमन म्हटलं, देवा गजानना, फार मोठं नको, पण खुर्च्या उचलायला सांगितल्या की पुढे करता येईल असं एखादं दे! आणि मॅडमनी माझे कागद चाळले आणि म्हणाल्या, "मधुकाका, सगळं नॉर्मल." मी म्हटलं, मॅडम, नीट बघा, घाई करू नका. "नीटच बघितलंय." मागच्या पानावर काही? "मागचं पान कोरं आहे काका."

नॉर्मल! तुम्हाला कल्पना नाही नॉर्मल माणसाचे हाल काय असतात. खुर्च्या कोणी मांडायच्या? मधुकाका नॉर्मल आहेत. टँकरवाल्याशी कोणी भांडायचं? मधुकाका. मांडवाची परवानगी, माइकवाला, नैवेद्याची केळी... नॉर्मल माणसाला 'नाही' म्हणायला जागाच ठेवलेली नाही हो या जगात!

आणि या सगळ्यात राहिली प्राची. एफ विंग, दुसरा मजला. मुलीचं काम तिचं. तिची गोष्ट जरा... थांबा, हसू नका, मीही हसत होतो. ती तालमीला यायची, पहिल्या दिवशी सगळं पाठ, दुसऱ्या दिवशी मधेच थांबायची, भिंतीला टेकायची. म्हणायची, "सॉरी काका, ब्रेन फॉग. बी-ट्वेल्व्ह खूप खाली गेलंय." मी अभिरामकडे बघून डोळा मारायचो, म्हणायचो, वा, अजून एक! बी-ट्वेल्व्ह काय, आमच्या विंगचा बी-सिक्स्टीन पण खालीच आहे, सोसायटीचा मेंटेनन्स भरत नाही! सगळे हसायचे. तीही हसायची.

तर आज दुपारी ती फोन घेईना म्हणून तणतणत दोन मजले चढून गेलो. हो, लिफ्टने नाही, नॉर्मल आहे ना मी! दार उघडलं तिच्या सासूबाईंनी, सुमित्राबाईंनी, आणि मी काही विचारायच्या आतच सुरू, "नाटकं आहेत हो तिची! घरात कामाची वेळ आली की हेच, आता तुमच्याकडेही तेच!" मला बरंच वाटलं, म्हटलं चला, साक्षीदार मिळाला. आत गेलो तर प्राची स्वयंपाकघरात फ्रिजला पाठ लावून जमिनीवर बसलेली. नाटकातली साडी नेसलेली. एका डोळ्यात काजळ, दुसऱ्यात नाही. मला बघून उठायला गेली आणि उठता येईना तिला. म्हणाली, "काका, सगळं पाठ आहे हो. म्हणून दाखवू?" आणि बसल्या बसल्या म्हणायला लागली, माझंच वाक्य, मुलगी बापाला म्हणते ते, बाबा, तुम्ही आलात की घरात जागा कमी पडत नाही... इतकं सुंदर मी लिहिलंय हे मलाच माहीत नव्हतं. अर्ध्यात थांबली. शब्द सापडेना. मग हळूच म्हणते, "आजाराचं नाव घेतलं तर बहाणा वाटतो काका. नाही घेतलं तर आळशी म्हणतात. मी काय म्हणू?"

मला फार वाईट वाटलं. खाली येऊन रंजिता मॅडमना गाठलं, तर मॅडम माझ्यावरच उखडल्या, "इंजेक्शनं चालू आहेत तिची! उभी राहते आहे तेच पुष्कळ!" अहो, म्हणजे बघा! नाव तसलंच इंग्रजी, बोलायची पद्धत तीच, एकाच तालमीत दोघं माझ्या शेजारी उभे, आणि मी, अख्खी हयात काउंटरला बसून खऱ्या आणि खोट्या नोटा ओळखणारा माणूस, मला ओळखता आलं नाही! अभिरामच्या बोलण्याची मी दाद देत होतो आणि हिच्या बोलण्यावर विनोद करत होतो. अजून थक्क आहे मी.

घरी आलो, स्मिताला म्हटलं, अगं, मग ओळखायचं तरी कसं माणसाने? स्मिता म्हणजे आमची सौभाग्यवती, ती मटार सोलत होती, मान वर न करता म्हणते, "तुमचं पित्त कोणी ओळखलं होतं?" म्हटलं, माझ्या पित्ताचा काय संबंध? "नाही, लग्न झाल्यापासून बघतेय. भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवता, दारं आपटता, आणि मग तुमच्या आई सांगायच्या, त्याची पित्तप्रकृती आहे हो, मनावर घेऊ नकोस. मी म्हटलं विचारावं, कुठल्या लॅबला केली होती टेस्ट?" ...मी तिला सांगितलं की मला खुर्च्या मांडायच्या आहेत आणि खाली आलो.

तर आता असं आहे. प्राचीला मी सांगून आलोय, तू झोप, काळजी करू नकोस, नाटक होणार. शब्द दिलाय तिला. तिने उद्या विचारलं की काका, झालं का नाटक, तर मी 'झालं' म्हणणार. त्यामुळे चारही पात्रं मी करणार! हो, मी! जावई मी, सासरा मी, मुलगी मी, वॉचमनचं काम तर माझंच आहे. लिहिलंय कोणी? मी! कोणाला काय झालंय ते झालंय, मी नॉर्मल आहे, कागद आहेत माझ्याकडे! ऋषी, अहो सेक्रेटरी, ओढा दोरी! उघडू दे पडदा! टाळ्या नकोत, आधी काम बघा...

हं. तर... पार्किंग. सकाळची वेळ. जावई येतो. गाडीच्या जागेवर सासऱ्यांची खाट बघतो, आणि म्हणतो... म्हणतो... थांबा हां. येतंय. "सासरेबुवा, तुम्ही जर..." नाही, ते शेवटचं. "अगं, पार्किंगमध्ये हे..." हेही नाही. अहो, मी लिहिलंय हे! माझ्या अक्षरात आहे! चाळीस वर्षं... जावई येतो... खाट बघतो... सासरा झोपलेला असतो, म्हणजे तो काही बोलत नाही, तेवढं मला चोख येतंय...

डॉक्टर! रंजिता मॅडम! बरं झालं पुढेच बसलात. माझं डोकं एकदम कोरं झालंय हो! जीभ सुकलीये, हाताला घाम, समोर तुम्ही सगळे दिसताय पण वाक्य दिसत नाही... याला काय म्हणतात? असेलच ना काहीतरी! सगळ्याला असतं! आज सकाळपासून बघतोय मी, त्याला नाव आहे... काय? मोठ्याने सांगा, टँकर मागे घेतोय तो, ऐकू येत नाही... काय म्हणालात?... 'पाठांतर केलेलं नाही'?

...

इंग्रजीतसुद्धा हेच म्हणतात का हो?

...बरं. ऋषी, पाडा पडदा.